सांगली–नृसिंहवाडी सायकल : वेळ सांभाळा
काही जण सांगतात की सांगलीहून सायकलने नृसिंहवाडीपर्यंत, म्हणजे नरसोबाच्या वाडीपर्यंत, एकही चढ नाही, त्यामुळे नवख्यांनी डोळे झाकून निघावं. चढ नाही हे शंभर टक्के खरं, अंकलीच्या पुलाचा उंचवटा सोडला तर गिअर बदलायची वेळच येत नाही. पण महिना कोणता ते बघा. साखर कारखान्यांचं ऊस गाळप सुरू झालं की शिरोळ भागात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या पहाटेपासून रस्त्यावर असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला आणि मागे धड दिवा नाही. शिवाय शेतातून टायरला चिकटून आलेली काळी माती डांबरावर पडते. दव पडलं की तिचं लोणी होतं. मागच्या डिसेंबरात शिरोळच्या अलीकडे माझं पुढचं चाक असंच सटकलं, कोपर सोलपटलं आणि ब्रेकमधली माती काडीने उकरत बसलो. तेव्हापासून या दिवसांत उजाडल्याशिवाय निघत नाही, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवतो.

येताना त्याच रस्त्याने येऊ नका. शिरोळहून अर्जुनवाड, तिथून कृष्णा ओलांडून मिरज आणि मग सांगली, असा छान गोल होतो. सगळं मिळून 45 किलोमीटरच्या आसपास. अर्जुनवाडच्या पुलावर दोन मिनिटं थांबाच, सकाळी खाली संथ पाणी आणि काठावर बगळे असतात. बासुंदी मात्र वाडीतच खाऊन घ्या, पुढे तशी मिळत नाही.