नैरोबीच्या ‘कार्निव्होर’ रेस्टॉरंटमध्ये गोमांस व डुकराचे मांस टाळून जेवता येईल का? मदत हवी आहे

डिसेंबरात आम्ही चौघे नैरोबीला जात असून ‘कार्निव्होर’मध्ये एकदा तरी जेवावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. कोळशाच्या मोठ्या भट्टीवर मसाई जमातीच्या तलवारींवर टोचून भाजलेले मांस तेथे टेबलाशी आणून थेट ताटात कापतात आणि आपण टेबलावरचे छोटे निशाण खाली करेपर्यंत वाढणे थांबत नाही, हे मला ठाऊक आहे. केनियात वन्य प्राण्यांचे मांस विकण्यास बंदी आहे. पण मला चाखायचे आहेत ते मगर आणि शहामृग पैदास केंद्रांत वाढवलेले असतात, त्यामुळे ती अडचण नाही.

अडचण आईवडिलांची आहे. ते कोंबडी आणि मटण आवडीने खातात, परंतु गोमांस वा डुकराचे मांस लागलेली सुरीही त्यांना चालत नाही. मेनू मी बारकाईने वाचला, आमच्या प्रवासी कंपनीलाही विचारले. तेथे शाकाहारी पदार्थ मिळतात, एवढेच समजले. दोघांना केवळ भाज्यांवर बसवणे मला पटत नाही.

तेथे प्रत्यक्ष जेवलेल्यांनी कृपया सांगावे: आधी कळवल्यास कोंबडी व मटण वेगळ्या सुरीने कापून, वेगळ्या ताटात आणून देतात का, आणि हे आरक्षण करतानाच सांगावे लागते की टेबलावर सांगितले तरी चालते?