मदत हवी आहे: ‘सिस्टर ॲक्ट २’मधलं शेवटचं गाणं शाळेत बसवायचंय

नमस्कार मंडळी, १९९३चा ‘सिस्टर ॲक्ट २’ हा इंग्रजी सिनेमा कोणी पाहिलाय का? व्हूपी गोल्डबर्ग बंद पडायला आलेल्या शाळेत जाते आणि वांड पोरांचं गायनपथक उभं करते. शेवटी स्पर्धेत बीथोव्हेनच्या नवव्या सिम्फनीची चाल आधी संथ येते, लॉरिन हिल काय गाते तिथे! मग एकदम ठेका बदलतो. अंगावर काटाच येतो.

आमच्या आठवी-नववीच्या मुलांना स्नेहसंमेलनात हेच गायचंय, फार मनापासून. पण मुलग्यांचे आवाज सध्या फुटताहेत. त्यांना कोणती पट्टी झेपेल? दोन आवाजांत सोपी मांडणी कशी करायची? साथीला फक्त पेटी आणि कीबोर्ड आहे. समूहगान बसवलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.