मदत हवी आहे: शेजारी रीडेव्हलपमेंट, घरात दम्याचा पेशंट (मुलुंड)

नमस्कार मंडळी,

मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहतो. दिवाळीनंतर शेजारची बिल्डिंग पाडायला घेतली, आता खोदकाम चालू आहे. आमची बेडरूमची खिडकी आणि त्यांच्या कुंपणाचा पत्रा यांच्यामध्ये जेमतेम रिक्षा जाईल एवढी जागा. सकाळी डायनिंग टेबल पुसावं तर संध्याकाळी लेकीने त्यावर बोटाने 'क' गिरवलेला असतो. गॅलरीतली तुळस राखाडी झालीय.

सासरे ७१ वर्षांचे, दमा जुना. एरवी थंडीत चार दिवस खोकायचे, यंदा महिना झाला. रात्री दोनला उठून बसतात. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा पंप सांगितलाय, पण "एकदा सवय लागली की सुटत नाही" म्हणून तो खणात पडून. त्रास झाला की निळा पंप तेवढा घेतात. पहाटे साडेपाचचा फेरफटका मात्र चुकत नाही, नाकाला मफलर गुंडाळून. बोलायला गेलं की "आम्ही सिमेंट कारखान्याच्या दारात संसार केला, सूनबाई."

ॲपवर एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक) १४० दिसतो, 'मध्यम'. मग एवढा त्रास का? एअर प्युरिफायर घ्यावा का, आणि कुठला आकार? नणंद म्हणते, स्नेक प्लांट आणि मनी प्लांट ठेव, हवा शुद्ध होते. आणि तक्रार कुठे करायची? सेक्रेटरींना सांगून पाहिलं. ते नुसते हसले, कारण पुढच्या वर्षी आमचीही बिल्डिंग त्याच बिल्डरकडे जायची आहे. कोणालाच वाईटपणा नकोय.

प्रतिसाद १

तो १४० आकडा हवा मोजणाऱ्या केंद्राच्या जागेचा आहे, तुमच्या खिडकीचा नाही. शिवाय 'मध्यम' म्हणजे १०१ ते २००, आणि त्या पट्टीतच दमेकऱ्यांना श्वासाचा त्रास होऊ शकतो असं सरकारी तक्त्यात लिहिलेलं आहे. पीएम २.५ (हवेतले अतिबारीक कण) साठी आपली २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. म्हणजे 'मध्यम' शब्दावर विसंबू नका.

काकांचा फेरफटका बंद नको, वेळ बदला. थंडीत पहाटे गार हवा जमिनीलगत बसते, वारा पडलेला असतो, रात्रीचा धूर-धूळ तिथेच अडकते. ऊन वर आलं की हवा हलते. मफलरने बारीक कण अडत नाहीत, एन-९५ नाकाशी नीट दाबून बसवला तरच उपयोग. त्यात दम लागत असेल तर मात्र मास्क घालून चालण्यापेक्षा घरात चाललेलं बरं.

प्रतिसाद २

मी स्वतः दमेकरी, वीस वर्षं पंपावर. रोजचा पंप श्वासनळीची सूज कमी ठेवतो, निळा फक्त आवळलेली नळी तात्पुरती उघडतो. रोजचा टाळून निळ्यावर दिवस काढणं म्हणजे गळका पाइप तसाच ठेवून बादली बदलत बसणं. आणि ही 'सवय' नव्हे, डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) लावून घ्या, नंतर चूळ भरा. पण रात्री दोनला उठून बसतात हे वाचून सांगते, डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा. प्युरिफायर नंतर.

एक विचारू? घरात मच्छर कॉइल लावता का? अगरबत्ती, धूप? एका कॉइलच्या धुरातले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे भरले होते, असा २००३ चा अभ्यास आहे.

प्रतिसाद ३

झाडं हौसेने ठेवा, हवेसाठी नको. तो समज १९८९ च्या 'नासा'च्या प्रयोगातून आला. ती झाडं बंद पेटीत होती. खऱ्या खोलीत तेवढा फरक पडायचा तर चालायलाही जागा उरणार नाही.

प्युरिफायरचा हिशोब सोपा आहे. १० बाय १२ ची खोली, छत १० फूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा फिरायची तर १७० च्या आसपास सीएडीआर (मशीन तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा) हवा. हेपा (बारीक कण अडवणारा) फिल्टरवाला घ्या, आयोनायझर-ओझोनवाला नको. बाबा झोपतात त्या एकाच खोलीत ठेवा. फिल्टरची किंमत आधीच विचारा, खरा खर्च तिथेच आहे.

तक्रार पालिकेच्या १९१६ या फोन नंबरवर. ऑक्टोबर २०२३ च्या पालिकेच्या नियमांप्रमाणे एक एकरपेक्षा लहान प्लॉटला २५ फूट उंच पत्रा, मोठ्याला ३५. राडारोड्याचे ट्रक झाकलेले हवेत, पाणी मारायला हवं. तारखेचे फोटो काढून ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद २ वाचून गप्पच झाले. बाबांच्या पलंगाखाली रोज रात्री कॉइल लावत होते, मीच! धूळ येते म्हणून खिडक्या बंद, आणि आत कॉइल. आता मच्छरदाणी बांधलीय. झाडूऐवजी ओलं फडकं, आणि खिडक्या दुपारी कामगारांची जेवणाची सुट्टी असते तेवढ्या वेळात उघडते.

डॉक्टरांनी फुंकायची तपासणी केली आणि बाबांना समोर बसवून तेच सांगितलं. माझ्या तोंडून पटलं नव्हतं, त्यांच्या तोंडून पटलं. दहा दिवस झाले, पंप दोन्ही वेळा चालू आहे. दोन रात्री सलग झोपले. फेरफटका आता नऊला, मित्रमंडळी पहाटेची असल्याने तोंड पाडून एकटेच जातात.

पत्र्याचं मात्र अडलंय. तो आमच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या कठड्याशी संपतो. खाली पार्किंग आहे. म्हणजे १३-१४ फूट धरू का? मोजायला कोणी येण्याआधी फोटोत उंची कळेल असं काय करता येईल?