'योमन'ला मराठीत काय म्हणावं?

बोरू: 'स्टार ट्रेक' या अंतराळजहाजावरच्या अमेरिकन मालिकांपैकी मूळ मालिकेतल्या (१९६६ ते ६९) दुय्यम स्त्रीपात्रांवर लेख लिहितेय आणि पहिल्याच बाईपाशी अडलेय. जॅनिस रँड, जहाजाचा कप्तान कर्क याची 'योमन'. ग्रेस ली व्हिटनीने केलेली. कर्कचं जेवण आणते, कागद सहीला पुढे करते. एकदा भटारखान्यातली वीज गेली तर हातातल्या फेझरने, म्हणजे किरणांच्या बंदुकीने, कॉफी गरम करून आणते. पहिल्या पर्वाच्या आठ भागांत दिसते, मग गायबच. मी 'कारकून' लिहिलं होतं. बहिणीने वाचलं आणि खोडलं. म्हणाली, गणवेशातली बाई ती, कारकून कशी?

दर्यावर्दी: बाबा नौदलात होते. त्यांच्या तोंडी योमन म्हणजे सिग्नलवाला, झेंडे-दिव्यांनी निरोप देणारा. तो ब्रिटिश वळणाचा अर्थ. अमेरिकन नौदलातला योमन कचेरीचं काम बघतो. त्या कामाला आपल्या नौदलात 'रायटर' म्हणतात. तेच लिहा.

पाटीपेन्सिल: रायटर नको हो! दहावीच्या परीक्षेला अंध मुलांशेजारी बसून त्यांची उत्तरं लिहितो तो रायटर. मी स्वतः दोनदा बसलेय. वाचणाऱ्याला तेच आठवणार.

निरुक्त: 'लेखनिक' हा सरळ शब्द असताना कारकून कशाला? तो फारसी. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सुरनिसाचा सचिव आणि डबिराचा सुमंत झाला. ते कष्ट वाया घालवायचे का?

माजघर: आणि त्यानंतरही चिटणीस, फडणीस राहिलेच की. आज ती आडनावं आहेत, त्यांना कोणी परकं म्हणत नाही. कारकून तर आमच्या आजीच्या ओव्यांतसुद्धा होता. शिवाय पाटीपेन्सिलताईंनी रायटरला घेतलेली हरकत 'लेखनिक'लाही लागू आहे, परीक्षेच्या फॉर्मवर तोच शब्द असतो.

बोरू: फारसी-संस्कृतचं मला काही नाही. मला खुपतो तो 'कारकुनी'तला कमीपणा. १९१७ साली अमेरिकन नौदलाने बायका पहिल्यांदा मोठ्या संख्येने भरती केल्या त्या योमन म्हणूनच, अकरा हजारांवर. लोक त्यांना 'योमनेट' म्हणायचे. रँडच्या हुद्द्यामागे हे सगळं उभं आहे. मालिकेच्या दुसऱ्या पायलट (म्हणजे चाचणीच्या) भागात कर्क आपल्या योमनला जोन्स म्हणतो आणि तिला सांगावं लागतं, माझं नाव स्मिथ. जिथं नावही कोणाच्या लक्षात राहत नाही तिथं हुद्दा तरी नीट यायला हवा.

निरुक्त: मग 'लेखनिका'. मान आहे त्यात.

पाटीपेन्सिल: तो 'का' मला अजिबात पटत नाही. शिक्षिका, लेखिका रुळले, ठीक. पण हुद्द्याला शेपूट लावलं की बाई आधी दिसते, काम नंतर. आमच्याकडे मामलेदारीण म्हणजे मामलेदाराची बायको. स्वतः मामलेदार असलेली बाई त्या शब्दात बसतच नाही.

माजघर: हे मात्र खरं. तरी 'ती लेखनिक' कानाला खटकतं.

पाटीपेन्सिल: 'ती डॉक्टर' खटकतं का?

बोरू: डॉक्टरवरून पुढची अडचण. नर्स चॅपल. मॅजेल बॅरेटने केलेली, आणि तीच बाई पहिल्या पायलटमध्ये जहाजावरची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी होती. तिला नावच नाही, नुसतं 'नंबर वन'. १९७९च्या चित्रपटात चॅपल डॉक्टर होऊन येते आणि रँड ट्रान्सपोर्टर, म्हणजे माणसांना क्षणात दुसरीकडे पोचवणारं यंत्र, सांभाळते. आधी 'परिचारिका' लिहिलं तर त्या बढतीचं वजन कळेल का?

माजघर: परिचारिका फक्त नेमणुकीच्या कागदावर. माझी आत्या तीस वर्षं सरकारी दवाखान्यात होती, गावाने तिला 'सिस्टर'च म्हटलं. तिच्या घराचा पत्ताही 'सिस्टरांचं घर'.

दर्यावर्दी: पण चॅपलला कर्क सिस्टर म्हणणार नाही! जहाजावरचेच शब्द शोधा ना. तांडेल, सारंग, नाखवा. अर्थात सगळे पुल्लिंगी.

निरुक्त: तांडेल 'तांड्या'वरून असावा. खलाशांच्या तांड्याचा म्होरक्या.

दर्यावर्दी: मला नाही वाटत. मल्याळममध्ये 'तंडल' आहे. किनाऱ्याकिनाऱ्याने वर आलेला शब्द हा, वाळवंटातल्या तांड्याशी त्याचं काय नातं?

निरुक्त: तांडा वाळवंटातलाच असतो असं कोणी सांगितलं? लमाणांचा तांडा काय वाळवंटात असतो?