प्रतिसाद: मिनी पीसीला ब्ल्यू-रे ड्राइव्ह

‘नवा, दणकट प्रोसेसर असलेला छोटा पीसी घ्या, यूएसबी ड्राइव्ह लावा, फोरके डिस्क चालेल’ हा वरचा सल्ला साध्या ब्ल्यू-रेपुरता ठीक आहे. फोरके डिस्कच्या (म्हणजे अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रेच्या) बाबतीत मात्र गंगा उलटी वाहते. पीसीवर ती अधिकृतपणे चालवायला प्रोसेसरमध्ये इंटेलचं एसजीएक्स (गुप्त माहिती जपणारा सुरक्षित कप्पा) लागतं, आणि 11व्या पिढीपासून इंटेलने घरगुती प्रोसेसरमधून तेच काढून टाकलं. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरमध्ये ते कधी नव्हतंच. म्हणजे 7व्या ते 10व्या पिढीतला जुना डबा उपयोगी (मदरबोर्ड, ग्राफिक्स आणि टीव्हीचंही जमत असेल तर), नवा नाही! पैसे देऊन डिस्क घेणाऱ्यालाच हा छळ का, ते कंपन्याच जाणोत. नुसत्या फोरके डिस्कसाठी हा खटाटोप करण्यापेक्षा मी सरळ टीव्हीखाली वेगळा प्लेअर ठेवेन.

दुसरं, विजेचं कोणी बोललंच नाही. यूएसबी 2 पोर्ट नियमाप्रमाणे 500 मिलिअँपिअर देतो, यूएसबी 3 चा 900. स्लिम ब्ल्यू-रे ड्राइव्हला डिस्क फिरवायला सुरुवात करताना याहून जास्त लागू शकतं. माझ्याकडे एका छोट्या पीसीच्या पुढच्या पोर्टवर ड्राइव्ह नुसता टकटक करायचा, डिस्क दिसायचीच नाही. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घातला आणि तोच ड्राइव्ह मुकाट्याने चालू लागला. वेगाची काळजी नको; साध्या ब्ल्यू-रे चित्रपटाला सेकंदाला जास्तीत जास्त 54 मेगाबिट लागतात, तेवढं यूएसबी 2 सुद्धा सहज पेलतं. आणि विंडोजमध्ये ब्ल्यू-रे चालवणारं सॉफ्टवेअर नसतं, तो खर्च वेगळा धरा.