दुकान उठलं, कार्ड राहिलं: बंद करू का?

सकाळची_लोकल:

नणंदेच्या लग्नाची खरेदी चालू होती. कल्याणच्या मॉलमधल्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने गळ घातली, "मॅडम, आमचं कार्ड घ्या, आजच्या बिलात ७५० सूट." बिल दणदणीत होतं, घेतलं. कार्डावर दुकानाचं नाव ठसठशीत, बँकेचं कोपऱ्यात. पहिलं वर्ष फुकट, पुढे वर्षाला ४९९. आता ती शाखाच उठली, तिथे जिम आलंय. त्यातल्या त्यात जवळची शाखा ठाण्यात, आणि दोन कुर्त्यांसाठी मी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकणार नाही.

परवा स्टेटमेंट आलं. वार्षिक शुल्क ४९९, जीएसटी ८९.८२, एकूण ५८८.८२. खरेदी शून्य.

नवरा म्हणतो, आत्ताच्या आत्ता बंद कर. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, बंद केलंस तर सिबिल, म्हणजे परतफेडीच्या इतिहासावरचे गुण, पडेल. खरी अडचण ही की बदलापूरला टू बीएचके बुक केलाय आणि दिवाळीनंतर ३५ लाखांच्या कर्जाचा अर्ज टाकायचा आहे. या कार्डाची मर्यादा ९०,०००. दुसरं एकच कार्ड आहे, ते जुनं, मर्यादा १,१०,०००. किराणा, लेकाची फी, वीजबिल असं महिन्याला साधारण ४५,००० त्यावर जातं, आणि दर महिन्याला पूर्ण भरते.

जाणकारांनी सांगा. "क्रेडिट कार्ड म्हणजे सापळा" हे प्रवचन सासऱ्यांकडून रोज मिळतं, ते नको.

बिनधास्त_नाशिककर:

कात्री घ्या, चार तुकडे करा, कचऱ्यात टाका. विषय संपला.

माजी_कर्जविभाग:

नाशिककर, विषय तिथेच सुरू होतो हो! प्लास्टिक कापलं तरी खातं चालूच राहतं. शुल्क लागतं, कोणी बघत नाही, देय तारखेनंतर ३ दिवस उलटले की विलंब शुल्क चढतं आणि थकबाकीची नोंद सिबिलकडे जाते. सरकारी बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, अशा फायली नेहमी यायच्या. पगार उत्तम, जुने हप्ते वेळेवर, आणि मधेच कुठल्यातरी पेट्रोलच्या नाहीतर दुकानाच्या कार्डावर हजार-बाराशेची थकबाकी. अर्जदार शपथेवर सांगणार, "साहेब, ते कार्ड मी कधीच कापून टाकलंय."

आता ताईंच्या आकड्यांकडे. तुमची मैत्रीण अर्धी बरोबर आहे. बंद करण्याला दंड असा काही नसतो, पण वापराचं प्रमाण बदलतं. आज दोन्ही मिळून मर्यादा २ लाख आणि वापर ४५,०००, म्हणजे साडेबावीस टक्के. दुकानाचं कार्ड गेलं की तोच खर्च १,१०,००० वर मोजला जाणार, म्हणजे जवळजवळ ४१ टक्के. ढोबळ ठोकताळा ३० टक्क्यांच्या आत राहण्याचा. तुम्ही एक रुपयाही जास्त खर्च केला नाही, पण कागदावर हात सैल झालेला दिसतो. हेच जर तुमच्याकडे पाच लाखांच्या मर्यादेचं दुसरं कार्ड असतं, तर मी डोळे मिटून बंद करा म्हटलं असतं.

कार्डाच्या वयाची काळजी सोडा. जुनं कार्ड तुम्ही ठेवताच आहात, आणि बंद केलेलं खातं अहवालातून लगेच पुसलं जात नाही, "बंद" अशा नोंदीने पुढे काही वर्षं दिसतं.

ही सगळी चर्चा करण्याआधी स्वतःचा पत-अहवाल काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्था (ब्युरो), चारही ठिकाणी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो आणि स्वतःचा स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. बऱ्याच बँका गृहकर्जाचा दर गुणांच्या टप्प्यावर ठरवतात. तुम्ही टप्प्याच्या बऱ्याच वर असाल तर हे कार्ड ठेवलं काय, काढलं काय, फरक शून्य. काठावर असाल तर मात्र आत्ता हात लावू नका. पाव टक्का दर जास्त लागला तर ३५ लाखांवर पहिल्याच वर्षी ८,७५० रुपये होतात. त्यापुढे ५८८ काहीच नाहीत.

न्यूजर्सीकर:

इकडे असली दुकानाची कार्डं प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये दोन-तीन पडलेली असतात, कारण त्यांना बहुधा वार्षिक शुल्कच नसतं. त्यामुळे "ठेवून द्या, काय बिघडतं" हा इथला सल्ला यूट्यूबवरून तिकडे जसाच्या तसा पोचतो, तो जपून घ्या. इथल्या फायको गुणांत (तुमच्या सिबिलसारखेच) वेळेवर परतफेडीला ३५ टक्के वजन, उधारीच्या प्रमाणाला ३०, खात्यांच्या वयाला १५. नीट चालवून बंद केलेलं खातं अहवालात १० वर्षांपर्यंत राहतं. इथला धोका वेगळा: दुकानाच्या कार्डांचा व्याजदर ३० टक्क्यांच्या आसपास असतो, एखादा महिना पूर्ण भरायचा राहिला की सवलत व्याजासकट वसूल!

सकाळची_लोकल:

अहवाल काढला. ७५८. "काठावर" म्हणजे हेच असावं, कारण ज्या बँकेत अर्ज करणार तिथल्या बाईंनी वरचा टप्पा ७५० पासून सांगितला.

काल हेल्पलाइनलाही फोन केला. "बंद करायचंय" म्हटल्याबरोबर गोड आवाजाच्या दुसऱ्या माणसाकडे फोन गेला. आधी म्हणाला, मॅडम, पॉइंट वाया जातील. मग म्हणाला, त्याऐवजी ट्रॅव्हल कार्ड देतो. मला चर्चगेटपलीकडे कुठे ट्रॅव्हल करायचंय? शेवटी म्हणाला, या वर्षीचं शुल्क परत करतो. हे तोंडी आहे. विश्वास ठेवू का? आणि पुढे बंद करायचं तर ठाण्याच्या शाखेत अर्ज द्यायचा का?

माजी_कर्जविभाग:

ट्रॅव्हल कार्डाला नाही म्हणालात ते उत्तम. नव्या कार्डाचा अर्ज म्हणजे अहवालात नवी चौकशी, तीही गृहकर्जाच्या तोंडावर. शुल्कमाफीचं ई-मेलवर लेखी मागा, तक्रार क्रमांकासकट. देय तारखेपर्यंत रक्कम उलट जमा झाली नाही तर मुकाट्याने ५८८.८२ भरा आणि नंतर भांडा. भांडण चालू आहे म्हणून देय तारीख थांबत नाही.

७५८ असताना माझं मत: ठेवा. कर्जाचा पहिला हप्ता बिल्डरला गेला की मग बंद करा. नुसत्या मंजुरीपत्रावर जाऊ नका, पैसे सोडण्याआधी काही बँका अहवाल पुन्हा पाहतात. तोवर त्या कार्डावर एखादं मोबाइलचं रिचार्ज करत राहा. वर्षभराहून जास्त काळ न वापरलेलं कार्ड बँकेने तुम्हाला कळवून बंद करायचं असतं, आणि ३० दिवसांत तुम्ही उत्तर दिलं नाही तर ते बंद होतं. नको त्या महिन्यात ते व्हायला नको. आणखी एक, जुन्या कार्डाचं बिल निघायच्या आधीच अर्धी रक्कम भरून टाकत जा. ब्युरोकडे कार्डावर बाकी असलेला आकडा जातो, तो तुम्ही नंतर पूर्ण भरता हे त्या आकड्यात दिसत नाही. ही माहिती जानेवारी २०२५ पासून महिन्यातून किमान दोनदा जाते, त्यामुळे फरकही लवकर दिसतो.

ठाण्याला कशाला जाता? दुकान फक्त कार्ड खपवतं, खातं बँकेचं. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे हेल्पलाइन, ई-मेल, ॲप, संकेतस्थळ, कुठूनही विनंती करता येते, पोस्टाने अर्ज पाठवाच असा आग्रह बँकेला धरता येत नाही. बाकी शून्य असेल तर कामकाजाच्या ७ दिवसांत बंद झालं पाहिजे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला. हे वाक्य ई-मेलमध्ये घाला, गोड आवाज लगेच कामाला लागतो. त्याआधी पॉइंट वापरून टाका आणि कार्डावर कुठली वर्गणी आपोआप कापली जात असेल तर ती हलवा. बंद झाल्याचं पत्र मिळाल्यावर महिनाभराने अहवालात "बंद" लागलंय का पाहा.

सकाळची_लोकल:

लेकाचं गेमिंगचं काहीतरी महिन्याला १४९ कापलं जातं, पण ते जुन्या कार्डावर. त्याचा समाचार वेगळा घेते. ठरलं, बिल्डरला पैसे जाईपर्यंत ठेवते. नवऱ्याला आकडेमोड दाखवली, तो म्हणाला, "हे तुझ्या मैत्रिणीनेच सांगितलं होतं ना?" अर्धंच सांगितलं होतं!

बिनधास्त_नाशिककर:

कात्री परत ठेवली. पण माझ्या तशाच कार्डावर बायकोच्या नावाचं ॲड-ऑन आहे, ते वेगळं बंद करावं लागतं का?

माजी_कर्जविभाग:

नाही, मूळ कार्ड गेलं की ॲड-ऑनही जातं. आधी वहिनींना विचारा, त्यांचे व्यवहार त्यावर चालू असतील.