शिक्षा झालेला माणूस परवा सौद्यात समोर उभा. आम्हाला कुणीच कसं कळवलं नाही?

बागवाली_तासगाव
बांधाच्या भांडणात माझ्या मिस्टरांवर कोयत्याने वार झाला, उजव्या हाताची दोन बोटं गेली. केस पाच वर्षं चालली. गेल्या दिवाळीआधी सेशन कोर्टाने ३०७ खाली, म्हणजे खुनाच्या प्रयत्नासाठी, सात वर्षं सक्तमजुरी आणि पन्नास हजार दंड केला, त्यातले चाळीस हजार आम्हाला द्यायचे. पेढे वाटले नाहीत, पण त्या रात्री हे पहिल्यांदा दाराला आडणा न लावता झोपले.

आणि परवा तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात तोच माणूस! मूठभर बेदाणा तळहातावर घेऊन दर विचारत होता. हे माल तिथेच टाकून माघारी आले. ठाण्यात विचारलं, तर "जामिनावर असेल, नाहीतर रजेवर." चाळीस हजारांचाही पत्ता नाही. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय, ह्यांना कात्री धरता येत नाही, बागेत मी एकटी असते. विचारायचं कुणाला?

निवृत्त_शिरस्तेदार
ताई, जामीन आणि रजा यांत जमीन-अस्मानाचा फरक. जामीन कोर्ट देतं, रजा म्हणजे जेलमधून मिळालेली थोड्या दिवसांची सुट्टी. यातलं काय आहे ते आधी काढा. हायकोर्टाच्या वेबसाइटवर त्याच्या नावाने अपील शोधा. १८ ऑगस्ट २०२५ पासून सांगलीची अपिलं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत, मुंबईचे हेलपाटे वाचले. अशा गुन्ह्यात शिक्षेला स्थगिती, म्हणजे अपील संपेपर्यंत जामीन, मागितली की म्हणणं सरकारी वकिलाचं मागवतात. जखमीच्या घरी आपोआप कागद येत नाही. स्थगिती असेल तर हुकमाची नक्कल काढा आणि अटी वाचा.

पैसे नाझरने, म्हणजे कोर्टाचा पैसा सांभाळणाऱ्याने, दडपलेले नाहीत हो. अपिलाचा निकाल लागेपर्यंत दंडातली भरपाई देता येत नाही, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३५७(२).

मिरजेची_वहिनी
रजा निघाली तर जेलच्या अधीक्षकांना आणि ठाण्याला लेखी हरकत द्या. संचित रजा म्हणजे फर्लो, त्याआधी ठाण्याचा अहवाल मागवतात. आमच्या दिरांच्या केसमध्ये आधीच अर्ज दिला होता, म्हणून पुढच्या चौकशीला हवालदार आमच्याही दारात आले. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका!

आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईमाणसाला वकील फुकट, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फोन १५१००. दंडाशिवाय वेगळी भरपाई त्याच संहितेच्या ३५७अ खाली मागता येते, तेही तिथेच विचारा. ह्यांचा अपंगत्वाचा दाखला सोबत न्या.

बागवाली_तासगाव
अपील सापडलं. शिक्षेला स्थगिती आहे. प्राधिकरणाने दिलेल्या वकीलबाईंनी नक्कल काढून वाचून दाखवली. तिसरी अट: अपील संपेपर्यंत तासगाव तालुक्यात पाऊल ठेवायचं नाही. मी दोनदा वाचायला लावलं.

जामीन रद्द करण्याचा अर्ज त्या करतायत. आडत्याच्या दुकानात कॅमेरा आहे, पोराने फोन करून सांगितलंय, त्या दिवसाचं पुसू नका म्हणून. आडत्या म्हणाला, "माल तसाच पडलाय, तो कधी नेताय?"